चालायचं सेटिंग, बोलायचं सेटिंग

पार्किन्सन्ससाठी डीबीएस करावं की नाही या विचारात असलेलं कुणी भेटलं की मी आधी एकच विचारते : गोळी नीट लागू पडल्यावर तुमचा दिवसातला सगळ्यात चांगला तास कसा असतो? डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत खोलवर बारीक तार बसवून तिथे सतत सौम्य वीज देणं. ती वीज साधारण तेवढंच परत देते, जेवढं तो तास देतो. कंप याला अपवाद आहे. गोळीला न जुमानणारा कंपसुद्धा पुष्कळदा तारेला जुमानतो. पण ताठरपणा, हालचालींतला मंदपणा, पावलांचं अडखळणं यांतलं जे गोळीनं सुधारतं तेच विजेनं सुधारतं. जे गोळीनं मुळीच सुधारत नाही, त्याची आशा विजेकडूनही धरू नये. फरक असा की गोळीचा तास येतो आणि निघून जातो, वीज मात्र रात्रंदिवस असते.

माझ्यासाठी हा फरक फार मोठा होता. त्याच्या बदल्यात काय द्यावं लागलं तेही सांगायचं आहे, कारण ऑपरेशनच्या आधी मला त्याबद्दल फारसं ऐकायला मिळालं नव्हतं.

माझा आजार उजव्या खांद्यापासून सुरू झाला. खांदा आखडला म्हणून बरेच दिवस शेक आणि व्यायाम चालले होते. मी शाळेत गणित शिकवते. हळूहळू फळ्यावरची समीकरणं ओळीच्या शेवटाकडे बारीक व्हायला लागली आणि मागच्या बाकांवरून "बाई, दिसत नाही" असा आवाज यायला लागला. चालताना माझा उजवा हात हलत नाही, अंगाला चिकटून राहतो, हे मुलीनं टिपलं. न्यूरॉलॉजिस्टनी बोटं जुळवून बघायला सांगितली, मनगट फिरवून बघितलं, मला खोलीत चालवलं आणि नाव सांगितलं. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं, तेव्हाही त्यांनी बघूनच लिहिलं होतं. आजही निदान मुख्यतः बघण्यावर आणि तपासण्यावरच होतं.

लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत कमी पडणारं डोपामिन हे रसायन भरून काढणाऱ्या गोळीची पहिली वर्षं चांगली गेली. गोळी घेतली की मी आजारी आहे हे अनोळखी माणसाला कळत नसे. मग गोळीचा असर लवकर संपायला लागला. आधी दिवसातून तीन वेळा पुरणारी गोळी चार वेळा, मग पाच वेळा घ्यावी लागली. दोन गोळ्यांच्या मधे 'ऑफ' यायचा : उजवा पाय जमिनीला खिळायचा, खुर्चीतून उठायला कुणाचा तरी हात लागायचा, चेहरा असा बसायचा की घरच्यांना वाटायचं मी रागावले आहे. आणि गोळी चढली की दुसरं टोक. मान, खांदे, कंबर आपोआप वळवळत राहायची. त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं की हाच पार्किन्सन्स. खरं तर तो औषधाचा परिणाम असतो. डोस वाढवला की वळवळ वाढायची, कमी केला की पाय खिळायचा. या दोन्हींच्या मधली जी मोकळी जागा होती, ती दर वर्षी अरुंद होत गेली. शाळेचं वेळापत्रक हाताशी ठेवून मी गोळ्या घ्यायला लागले. प्रथिनं जास्त असलेलं जेवण गोळीच्या शोषणात अडथळा आणतं, म्हणून दुपारचं खाणंही तासांच्या हिशोबानं चालायचं. माझा संपूर्ण दिवस ती चांगली वेळ गाठण्यात जायचा.

डॉक्टरांनी डीबीएसचा विषय काढला तेव्हा मला वाटलं होतं की हा अगदी शेवटचा उपाय असणार. त्यांनी समजावलं की उलट फार उशीर केला तर फायदा कमी होतो. स्मरणशक्ती ढासळली, तोल गेला, आणि हे गोळी घेऊनही सुधारत नसेल, तर ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते. फ्रान्स आणि जर्मनीत २५१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातले रुग्ण सरासरी बावन्न वर्षांचे होते, आजाराला साधारण साडेसात वर्षं झालेली आणि गोळीचे चढउतार नुकते सुरू झालेले. ऑपरेशन झालेल्यांच्या जीवनमानाचा गुण दोन वर्षांनी २६ टक्क्यांनी सुधारला होता. नुसत्या औषधांवर असलेल्यांचा जिथल्या तिथे राहिला होता, किंचित खालीच. हा आकडा ऐकून माझ्या नवऱ्याची भीती कमी झाली. माझी झाली नाही. डोक्याला भोक पाडणार, या विचाराची भीती आकड्यानं जात नाही. मला धीर आला तो या पद्धतीची गोष्ट ऐकून. पूर्वी अशा ऑपरेशनमध्ये मेंदूतला एक छोटा भाग जाळून टाकत, आणि जाळलेलं परत आणता येत नसे. ग्रनोब्ल इथले आलीम-लुई बेनाबीद भाग जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे बघायला वीज देत असत. वेगानं, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपास ठोके देऊन वीज सोडली की कंप थांबतो आणि बंद केली की परत येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १९८७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं. बंद करता येतं, कमी करता येतं, जागा बदलता येते. माझा होकार या तीन गोष्टींना होता.

होकार दिला म्हणून लगेच ऑपरेशन होत नाही. आधी लेव्होडोपा चाचणी असते. आदल्या रात्रीपासून औषध पूर्ण बंद ठेवून सकाळी तपासतात. बोटं, टाचा, मनगटं, उठणं, चालणं, मागून ओढल्यावर तोल, या सगळ्याला गुण देतात. मग नेहमीपेक्षा थोडा मोठा डोस देऊन तासाभरानं तीच तपासणी पुन्हा. गुणांत निदान तिसऱ्या हिश्श्याची सुधारणा व्हावी अशी साधारण अपेक्षा असते. औषधाविना काढलेली ती सकाळ कठीण गेली, पण मला तिचा उपयोग झाला. कुठलं दुखणं आजाराचं आणि कुठलं औषधाचं हे मी पहिल्यांदा वेगवेगळं पाहिलं. त्याशिवाय एमआरआय झाला, स्मरणशक्तीच्या आणि शब्द सुचण्याच्या चाचण्या झाल्या, नैराश्याबद्दल विचारपूस झाली. जुगार, अनावर खरेदी असं काही सुरू झालं आहे का हेही विचारलं. प्रश्न विचित्र वाटला, पण पार्किन्सन्सच्या काही गोळ्यांनी तसं होतं, आणि नवऱ्यासमोर उत्तर द्यायचं नसेल तर वेगळं बोलू, असंही डॉक्टर म्हणाले. ती काळजी मला आवडली.

ऑपरेशन जागेपणी झालं. आता काही ठिकाणी पूर्ण भूल देऊनही करतात, माझं तसं नव्हतं. सकाळी डोक्याला धातूची चौकट बसवली. चार ठिकाणी आधी बधिर करायची सुई आणि मग स्क्रू. संपूर्ण दिवसातलं सगळ्यात दुखलेलं तेवढंच. चौकटीसकट सीटी स्कॅन झाला आणि तो आधीच्या एमआरआयवर बसवून त्यांनी मार्ग आखला. कवटीला भोक पाडताना दुखलं नाही, पण तो आवाज आणि हादरा दातांपर्यंत आला. त्याबद्दल आधी सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं. नंतर मेंदूत सुई जाताना काहीही कळत नाही. मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही.

मग एक सूक्ष्म इलेक्ट्रोड थोडा थोडा खाली नेत त्यांनी पेशींचे आवाज ऐकायला सुरुवात केली. खोलीत स्पीकर होता. बराच वेळ खरखर, मग शांतता, मग पुन्हा विरळ टकटक. आणि एका ठिकाणी पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा आवाज भरून आला. कुणीतरी माझं मनगट धरून फिरवलं तसा तो आवाज त्याच लयीत कमीजास्त झाला. सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा तो भाग जेमतेम काही मिलिमीटरांचा आहे. पार्किन्सन्समध्ये तो अती चेतलेला असतो, आणि तो स्वतःच्या कानांनी ऐकत मी तिथे पडून होते. माझ्या हाताचा आवाज होता तो. इतकी वर्षं ज्या हाताशी भांडले, त्याचा.

त्यानंतर त्या जागी वीज सोडून पाहिली. डॉक्टर सारखे काहीतरी करायला सांगत होते : "हात उघडा, मिटा. महिन्यांची नावं उलटी म्हणा. काही मुंग्या येताहेत का? दोन-दोन दिसतंय का?" एका क्षणी माझा उजवा हात सैल झाला. गोळी चढताना जसं हळूहळू होतं तसं नाही, एकदम. मी मूठ उघडत-मिटत राहिले आणि रडायला लागले, तर वरून आवाज आला, "ताई, आत्ता डोकं हलवायचं नाही हं, डोळे पुसतो मी." वीज आणखी वाढवल्यावर ओठाची उजवी कड ओढली गेली आणि शब्द जड झाले. मर्यादा कुठे आहे हे कळावं म्हणून त्यांनी ते मुद्दाम करून पाहिलं होतं. त्या जड शब्दांशी माझी पुढे बरीच गाठ पडणार होती.

दोन्ही बाजूंच्या तारा झाल्यावर दुसऱ्या टप्प्यात पूर्ण भूल देऊन छातीत, गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरी बसवली. कानामागून मानेच्या कातडीखालून वायर खाली येते. मेंदूतली तार सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड असते, ती जाणवत नाही, मानेतली जाणवते. सुरुवातीला मान वळवताना ती ओढल्यासारखी वाटायची. धोक्यांचंही सांगायला हवं. शंभरातल्या एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि तो कधी कधी गंभीर असतो. जंतुसंसर्ग त्याहून जास्त वेळा होतो, आणि झाला तर बॅटरी किंवा वायर काढायची वेळ येऊ शकते. सही करण्याआधी हे माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं होतं.

घरी आले तेव्हा बॅटरी अजून चालूही केली नव्हती, तरी मी बरी होते. नुसती तार आत गेल्यानं तिथे जी बारीक सूज येते, तिच्यामुळे काही दिवस असं होतं. हे टिकणार नाही हे माहीत असूनही ते ओसरलं तेव्हा वाईट वाटलं. काही आठवड्यांनी वीज चालू करायची तारीख आली आणि खरे उपचार तिथून पुढे सुरू झाले. ऑपरेशनला लोक जेवढं महत्त्व देतात, त्याच्या निम्मं जरी पुढच्या सेटिंगच्या महिन्यांना दिलं तरी किती जणांची निराशा टळेल.

सेटिंगच्या बैठकीला गोळी न घेता जायचं. तारेच्या टोकाला वीज सोडणारे वेगवेगळे बिंदू असतात. एकेक बिंदू घेऊन करंट हळूहळू वाढवतात. मनगटाचा ताठरपणा कधी सुटतो आणि चेहरा कधी ओढला जातो, मुंग्या कधी येतात, हे लिहीत जातात. तीन गोष्टी बदलता येतात : करंट किती मिलिअँपिअर, प्रत्येक ठोका किती मायक्रोसेकंदांचा, आणि सेकंदाला किती ठोके. बऱ्याच जणांचं सुरुवातीचं सेटिंग ६० मायक्रोसेकंद आणि १३० हर्ट्झच्या जवळपास असतं. करंट अगदी थोडा ठेवून घरी पाठवतात आणि पुढच्या भेटींत वाढवत नेतात. घाई करता येत नाही. ताठरपणा काही सेकंदांत सुटतो, कंप मिनिटांत थांबतो, पण चालण्यावरचा खरा परिणाम कळायला तास, कधी दिवस लागतात. बैठकीच्या खोलीत छान वाटलेलं सेटिंग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय अडखळवू शकतं.

म्हणून मला माझ्या शरीराबद्दल नेमकं बोलायला शिकावं लागलं. "बरं वाटत नाही" यातून समोरच्याला काहीच हाती लागत नाही. पाय जड आहे की चिकटतो? दारातून जाताना अडतो की वळताना? हात थरथरतो की आपोआप वळवळतो? गोळीनंतर किती वेळानं? थरथर असेल तर वीज वाढवायची, वळवळ असेल तर कदाचित गोळी कमी करायची. मी वहीत तासांचे रकाने आखले आणि प्रत्येक चौकोनात एकच अक्षर लिहायची. मुलीनं माझ्या चालण्याचे व्हिडिओ काढून ठेवले. सेटिंग करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की वहीपेक्षा व्हिडिओ खरे बोलतात, आणि त्यांचं बरोबर होतं, कारण मला स्वतःची वळवळ कळतच नसे.

काही महिन्यांनी हात आणि पाय त्या जुन्या चांगल्या तासात स्थिरावले. गोळ्या जवळपास निम्म्यावर आल्या आणि त्यांच्याबरोबर डिस्कायनेशियाही गेला. रात्री कुशीवर वळता यायला लागलं. ज्यांना हे न मागता येतं त्यांना कदाचित याचं मोल कळणार नाही. वर्षानुवर्षं कुशीवर वळण्यासाठी नवऱ्याला उठवावं लागणाऱ्या बाईला ते कळतं. फळ्यावरची अक्षरं ओळभर एका मापाची राहिली.

पण याच काळात घरात दुसरंच काही चाललं होतं. मला कशातच रस उरला नव्हता. दुःख नव्हतं, रडू नव्हतं, नुसतं काही करावंसं वाटत नव्हतं. उत्तरपत्रिका पडून राहायच्या, मैत्रिणीचा फोन वाजत राहायचा. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, म्हणून मी डॉक्टरांना काही सांगितलंही नसतं. नवरा बोलला. पुढच्या भेटीत मी हात मोकळे करून दाखवत असताना तो मधेच म्हणाला, "डॉक्टर, हिचे हात बरे झाले, पण हिला कशाचीच ओढ राहिली नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ फक्त त्यावरच बोलले. सबथॅलॅमिक न्यूक्लियसच्या डीबीएसनंतर डोपामिनच्या गोळ्या झपाट्यानं कमी झाल्या की असं होतं. हालचालींची उणीव वीज भरून काढते, पण डोपामिन उत्साहासाठी जे काम करतं ते वीज करत नाही. एक गोळी थोड्या प्रमाणात परत सुरू केली आणि काही आठवड्यांनी मी आपणहून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढला. काही जणांना याच्या उलटही होतं : झोप उडते, बोलणं सुटतं, नको ते धाडस वाटतं, चिडचिड होते. दोन्हींत त्या माणसाला स्वतःला काही बदललंय असं वाटत नाही. म्हणून सेटिंगच्या बैठकीला घरचं माणूस बरोबर असायलाच हवं, आणि त्याला बोलायला वेळ मिळायला हवा. यावर मी अडून बसते.

आता आवाजाचं. पार्किन्सन्समध्ये आवाज तसाही बारीक होतो आणि डीबीएस तो सहसा सुधारत नाही. पुष्कळदा थोडा बिघडवतं. सबथॅलॅमिक न्यूक्लियसच्या अगदी शेजारून मेंदूकडून चेहऱ्याला, जिभेला, हातापायांना हुकूम नेणारे तंतू जातात. करंट पसरून तिथे पोचला की शब्द जड होतात. माझी अडचण नेमकी होती. माझी वाईट बाजू उजवी. उजव्या अंगासाठी डावी तार. आणि बोलण्यावर परिणाम होतो तोही डाव्या तारेचाच जास्त. म्हणजे उजवा पाय मोकळा करायला डाव्या तारेचा करंट जितका वाढवावा, तितकं माझं बोलणं एकमेकांत मिसळत जायचं. फोनवर लोक "काय म्हणालीस?" असं दोनदा विचारायला लागले. वर्गात प्रमेय सांगताना मुलं माझ्या ओठांकडे बघायला लागली.

त्यानंतरच्या अनेक बैठका फक्त या एका प्रश्नावर गेल्या. १३०च्या जागी ६० हर्ट्झ करून पाहिलं. काही जणांचं बोलणं आणि चालणं त्यानं सुधारतं. माझं बोलणं स्वच्छ झालं आणि हाताचा कंप परत आला. ठोक्याचा कालावधी कमी करून पाहिला, थोडा फरक पडला. शेवटी रिमोटवर दोन प्रोग्राम ठेवले. एक चालायचा : डाव्या बाजूला जास्त करंट, रस्त्यानं जाताना, जिने चढताना. दुसरा बोलायचा : करंट कमी, पाय किंचित जड, शब्द मोकळे. वर्गाच्या दाराशी मी रिमोट छातीजवळ धरते, बोलायचा प्रोग्राम लावते आणि खुर्चीत बसून शिकवते. फळ्यावर आता मुलं लिहितात, मी सांगते. बरोबर कॉलरला माइक असतो, आणि रोज मोठ्यानं बोलण्याचे व्यायाम असतात. ते व्यायाम कंटाळवाणे आहेत, पण ज्या आठवड्यात सोडले त्या आठवड्यात मुलांच्या चेहऱ्यावरून लगेच कळलं.

प्रोग्राम बदलताना मनात एक हिशोब चालतो. समोरच्याशी नीट बोलता येणं आज जास्त गरजेचं आहे की एकटीनं घरी जाणं? हा प्रश्न मला दिवसातून कितीदा तरी सोडवावा लागतो. तो सोडवायची सत्ता माझ्या हातात आहे हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. गोळी कधी लागू पडेल हे गोळी ठरवत असे.

काही गोष्टी ऑपरेशननंतर कायमच्या लक्षात ठेवाव्या लागतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची डायथर्मी, म्हणजे खांदा-कंबर दुखली की फिजिओथेरपीत ज्या यंत्रांनी खोलवर शेक देतात ती. डीबीएस असलेल्या माणसाला ती पूर्ण वर्ज्य आहे. तिची ऊर्जा तारेच्या टोकापर्यंत पोचून मेंदूतली पेशी भाजू शकते आणि त्यानं जीव जाऊ शकतो. पार्किन्सन्समध्ये खांदा आखडतोच, माझा तर तिथूनच सुरू झाला होता, म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. दुसरं एमआरआय : आपलं यंत्र कुठलं हे सांगून, त्याच्या अटी तपासून, सेटिंग बदलूनच करायचा. इतर कुठलंही ऑपरेशन असलं तर सर्जनना आधीच सांगायचं, कारण रक्तस्राव थांबवायच्या विजेच्या उपकरणाची पद्धत बदलावी लागते. ईसीजीवर रेघा विचित्र येतात. विमानतळावर कार्ड दाखवून हातानं तपासणी करून घ्यायची.

आणि पाणी. पोहणाऱ्यांना हे मी न विचारता सांगते. झुरिकच्या डॉक्टरांनी २०१९ साली नऊ जणांची हकीकत प्रसिद्ध केली. सगळे उत्तम पोहणारे. डीबीएसनंतर बाकी हालचाली सुधारल्या, पण पोहणं गेलं. हातपायांचा मेळ बसेना. त्यांतल्या तिघांनी वीज बंद केली तर पोहणं लगेच परत आलं. असं प्रत्येकाला होत नाही, पण आधी कळायला मार्ग नाही. म्हणून पहिल्यांदा पाण्यात जाताना पाय टेकतील इतकंच पाणी आणि शेजारी कुणीतरी हवंच.

माझी बॅटरी चार्ज करायची आहे. आठवड्यातून एकदा चार्जर छातीवर ठेवून बसते, थोडं ऊबदार लागतं. चार्ज न करायच्या बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षांनी छोट्या ऑपरेशननं बदलाव्या लागतात. चार्ज करायच्या कितीतरी जास्त टिकतात, पण त्यासाठी रुग्णाला किंवा घरच्या कुणाला तरी ते नियमानं करता आलं पाहिजे. बॅटरी अचानक संपणं ही साधी गोष्ट नाही. बरीच वर्षं विजेवर राहिलेल्या माणसाची वीज एकदम गेली तर सगळी लक्षणं जोरात परत येतात आणि कधी गोळ्यांनीही आटोक्यात येत नाहीत. रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. रिमोटवरची बॅटरीची खूण कशी बघायची हे घरातल्या दोघांना तरी माहीत असायला हवं. आमच्याकडे नवऱ्याला आणि मुलीला येतं.

आजार थांबलेला नाही. वर्षातून एखादी भेट अशी असते की तपासणीसाठी वीज पूर्ण बंद करतात. आधी उजव्या अंगठ्याला कंप येतो, मग मनगट ताठरतं, मग काही वेळानं चेहरा जड होतो, आणि मी खुर्चीतून उठायला जाते तर उठता येत नाही. दर वर्षी ते थोडं वाढलेलं असतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी खूप घाबरले होते. आता मी त्या मिनिटांत लक्ष देऊन बघते, कारण आत काय चाललंय हे मला तेवढ्यातच कळतं. परत चालू केल्यावर छातीत नाही, पण उजव्या हातात एक हलकी लहर जाते आणि बोटं सुटतात. बद्धकोष्ठता, गेलेला वास, मधूनच लागणारी झोप यांना विजेनं हात लावलेला नाही. मागे झुकून तोल जातो, तोही गेल्या वर्षापासून वाढला आहे, त्यासाठी तोलाचे व्यायाम सुरू केले आहेत.

माझ्या तारांचे काही बिंदू तीन भागांत विभागलेले आहेत, म्हणजे करंट सगळीकडे न सोडता एका दिशेला वळवता येतो. आतापर्यंत डाव्या तारेचा पूर्ण गोल बिंदूच वापरत होतो. पुढच्या बैठकीत शब्द जड करणाऱ्या त्या तंतूंच्या विरुद्ध दिशेचा भाग वापरून पाहायचं ठरलं आहे. चालायला पुरेसा करंट आणि स्वच्छ शब्द एकाच प्रोग्राममध्ये बसतात का ते बघायचं. बैठकीला मी गोळी न घेता, वहीसकट जाणार आहे, आणि चाचणीसाठी भूमितीचं एक लांबलचक प्रमेय मोठ्यानं म्हणून दाखवणार आहे. महिन्यांची नावं उलटी म्हणण्यापेक्षा त्यात माझं बोलणं कुठे अडतं ते जास्त नीट कळेल, असं सेटिंगवाल्या बाईंनाही पटलं आहे.